चार मीटर

सलील, माझा धाकटा भाऊ, पांढरकवड्याला नोकरीला होता. दर शनिवारी मोटरसायकलने पुसदला घरी यायचा. आईसाठी त्याने एक प्रोग्राम लिहिला होता. तो निघाला की घरच्या कॉम्प्युटरमधून त्याचाच आवाज यायचा, "आई, निघालो. कुकर लाव." मग त्याचा मोबाइल ठिकाण कळवत राहायचा आणि पडद्यावर उरलेलं अंतर कमी होत जायचं.

प्रोग्रामिंग त्याला मीच शिकवलं. तरी गडी नियम पाळेल तर शपथ! फाइलींच्या नावांना पायथन भाषेचं ठरलेलं '.py' हे शेपूट सोडून '.ताई' लावायचा. म्हणायचा, "तुह्याशिवाय कोणी उघडू नये."

श्रावणात तो वाटेतच गेला. ट्रकखाली मोबाइलचाही चुरा झाला.

तेराव्यानंतरच्या शनिवारी आम्ही चहा घेत होतो आणि कॉम्प्युटर बोलला, "आई, निघालो. कुकर लाव."

आईने कुकर लावला.

कुठेतरी अडकलेला जुना निरोप असेल, असं मी स्वतःला समजावलं. त्या दिवशी अंतर नव्वद किलोमीटरवर थांबलं. पुढच्या शनिवारी तीसवर. आई फाटकाशी अंधार पडेपर्यंत उभी होती. मला ते बघवेना.

चूक शोधायची तर प्रोग्राम चालता चालता मध्येच थांबवून आत बघावं लागतं. हव्या त्या ओळीशेजारी लाल ठिपका ठेवायचा, तिथे तो थांबतो. पण माझा कोड लिहायचा एडिटर '.ताई'ला ओळखेना, ठिपका बसेचना. शेवटी सेटिंगमध्ये लिहून दिलं, की '.ताई' म्हणजे पायथनच. ठिपका बसला. पाच मीटरच्या आत आल्यावर "दार उघड" म्हणणाऱ्या ओळीवर मी तो ठेवला. निरोप जुनाच असेल तर ती ओळ आता कधीच चालणार नव्हती.

शनिवारी आकडे भराभर उतरले. मग प्रोग्राम थांबला.

अंतर: चार मीटर.

आईने फाटकापासूनच विचारलं, "अनघा, काहून थांबवलं वं त्याले?"

मी बाहेर आले. फाटकाची कडी अर्धी वर उचललेली होती. आईचे दोन्ही हात पदरात होते.

आज अकरा दिवस झाले. पुढे चालू करायला एकच बटण दाबायचं आहे. दाबलं तर तो आत येईल की कायमचा जाईल, मला माहीत नाही. माझ्याने दाबवत नाही. लाइट गेली तर म्हणून दुसरा इन्व्हर्टर आणलाय.

सकाळी मी कडीला हात लावला. रात्रभर पाऊस होता, फाटक गार पडलं होतं. कडी तेवढी कोमट होती, कुणी मुठीत धरून ठेवल्यासारखी.