नारिंगी प्लग आणि दहा मिनिटं

पहिल्याच भेटीत मी त्याच्या गाडीला टेकून चांगली पाच मिनिटं उभी होते आणि गाडी चालू आहे याचा मला पत्ताच नव्हता.

बाहेर भुरभुर पाऊस होता. गॅरेजवाल्यांच्या संघटनेच्या हॉलमध्ये मी धावतपळत शिरले, मधोमध उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीला पाठ टेकली आणि चष्मा पुसायला लागले.

"जरा बाजूला व्हा," गाडीच्या आतून आवाज आला. "गाडी चालू आहे."

"ही? मग आवाज कुठाय?"

"नसतो."

"धूर?"

"तोही नसतो."

"मग चालू आहे हे कळायचं कसं माणसाला?"

त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. विस्कटलेले केस, कानामागे पेन्सिल आणि डोळ्यांत असं हसू, की मला उगाचच राग आला. "तेच शिकायला आला असाल ना तुम्ही?" तो म्हणाला. "नसाल, तर चहा तिकडे आहे."

मी गॅरेजवाल्याची मुलगी. इंजिनाच्या आवाजावरून कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय ते सांगणारी. रांगायला लागल्यावर पहिली वस्तू उचलली ती बारा नंबरचा पाना, म्हणून अप्पा मला अजून 'बारा नंबर' म्हणतात. आणि हा मला चहा दाखवतोय! मी चष्मा लावला, पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि मनात म्हटलं, बघतेच तुला.

तर, हे आमचे मास्तर. विजेच्या गाड्या शिकवायला संघटनेने त्यांना सहा आठवड्यांसाठी बोलावलं होतं. प्रत्येक गॅरेजातून एकाने यायचं, शेवटी परीक्षा, आणि जो पास होईल त्याच्या गॅरेजला पाटी मिळणार: 'येथे विजेच्या गाड्या दुरुस्त होतात'. ही सगळी खटपट सेक्रेटरीकाकांची. त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान. आयुष्यभर सायलेन्सर विकलेला हा माणूस घरोघर फिरून सांगत होता, "बाबांनो, सायलेन्सर संपणार आहेत. आत्ताच शिकून घ्या."

अप्पांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. अप्पांचं सगळं कानावर. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि दुखणं सांगायचं. चाळीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. "जी गाडी बोलतच नाही तिला मी काय विचारू?" ते म्हणाले. आमची तीन जुनी गिऱ्हाईकं विजेच्या गाड्या घेऊन गॅरेजवरून हात हलवत पुढे निघून जायची. तिसऱ्याने हात हलवला त्या दिवशी अप्पा जेवताना म्हणाले, "वर्षाअखेरीला शटर ओढू."

ते गॅरेज मला चालवायचं होतं. दुसऱ्याच दिवशी मी संघटनेत माझं नाव घालून आले.

वर्गात आम्ही तेरा जण. मास्तरांनी जोड्या लावल्या, आणि बाकीचे बारा काका-मामा पटापट एकमेकांना चिकटले. उरले मी.

"तुम्ही माझ्याबरोबर," मास्तर म्हणाले.

"तुमची काही हरकत नसेल तर," मी म्हटलं.

"माझी? मी तर तेरावा माणूस कधी येतोय याची वाट बघत होतो," ते म्हणाले, आणि लगेच फळ्याकडे वळले.

विजेच्या गाडीला हात लावायचा एक नियम आहे. बॅटरीजवळ मुठीएवढा नारिंगी प्लग असतो. रबरी हातमोजे घालून तो उपसायचा, म्हणजे वीज तुटते. मग तो स्वतःच्या खिशात ठेवायचा. टेबलावर नाही, डब्यात नाही, स्वतःच्याच खिशात. तुम्ही आत हात घातलेला असताना दुसऱ्या कोणी तो परत बसवला तर कारभार आटोपला. आणि प्लग काढल्यावरसुद्धा आत थोडी वीज रेंगाळते, म्हणून दहा मिनिटं नुसतं थांबायचं. मग मीटर लावून शून्य बघायचं आणि मगच काम.

"दहा म्हणजे दहा," मास्तर घड्याळाचा गजर लावत म्हणाले. "साडेनऊ नाही."

"आणि तेवढ्या वेळात करायचं काय?"

"हात आवरायचे."

"आणि तोंड?"

"तोंडाबद्दल नियम नाही," ते म्हणाले. त्यांच्या गालाला बारीकशी खळी पडते हे मला तेव्हा दिसलं.

रोज संध्याकाळी आमच्या वाट्याला ती दहा मिनिटं यायची. पहिल्या आठवड्यात मी भांडले. दुसऱ्या आठवड्यात कळलं, की त्यांचे वडील बस चालवायचे, आणि मास्तरांना पोहायला येत नाही. तिसऱ्यात मी त्यांना अप्पांच्या स्क्रू-ड्रायव्हरबद्दल सांगितलं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत.

"तुमच्या वडिलांना इथे आणा," ते म्हणाले. "इंजिनाचा गोंगाट नसला की बेअरिंगची कुरकुर जास्त स्वच्छ ऐकू येते. माझे कान तेवढे तयार नाहीत."

हे मी अप्पांना सांगितलं. "गोड बोलतोय," एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी तो स्क्रू-ड्रायव्हर पुसून ठेवलेला मी पाहिला.

चौथ्या आठवड्यापासून गजर वाजला की मला वाईट वाटायला लागलं. खोटं कशाला बोलू? मीटरवर शून्य दिसायचं आणि माझ्या छातीत मात्र धडधड. ते मोजे चढवताना आधी तोंडाने फुंकून भोक नाही ना ते बघायचे, माझेही मोजे स्वतः बघून द्यायचे, आणि देताना नजर... नको, ते जाऊ दे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी प्लग काढला, डगल्याच्या खिशात टाकला. गजर लागला.

"सोमवारी मी पुढच्या गावी," मास्तर म्हणाले. "तिथल्या संघटनेचा वर्ग आहे."

"आणि मग?"

"मग त्याच्या पुढच्या."

सेक्रेटरीकाकांनी त्यांना इथे कायमचं राहायला विचारलं होतं, तीनदा. तिन्ही वेळा मास्तर म्हणाले होते, बघू. हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

"तुम्हाला कुठे दहा मिनिटांच्या वर थांबायची सवय नाही वाटतं," मी म्हटलं. बोलायचं होतं थट्टेत, पण आवाज दगा देऊन गेला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "थांबलो असतो," ते हळूच म्हणाले, "जर..."

गजर वाजला. त्याच क्षणी दारातून सेक्रेटरीकाकाही वाजले, "चला चला, हॉल बंद करायचाय. उद्या नऊला परीक्षा!"

मी मोजे टेबलावर टाकले आणि तडक निघाले. रस्ताभर त्या 'जर'ने माझा पिच्छा सोडला नाही.

पहाटे कुठे डोळा लागला, म्हणून उठायलाच उशीर झाला; कामाचा डगला घ्यायला गॅरेजात धावले, तर अप्पा तो धुवायला टाकत होते. "बारा नंबर, हे काय गं?"

त्यांच्या हातात नारिंगी प्लग होता.

चार्जिंगला लावलेला फोन उचलला तर सेक्रेटरीकाकांचे सात फोन येऊन गेलेले. नऊ वाजून पाच मिनिटं. माझ्या खिशातल्या प्लगपायी संघटनेची एकुलती एक शिकायची गाडी मढ्यासारखी पडून राहिली होती, आणि तेरा गॅरेजांची परीक्षा अडली होती. मी अप्पांना भराभरा सगळं सांगितलं. प्लग, खिसा, दहा मिनिटं.

"म्हणजे हा ज्याच्या खिशात, त्याचा जीव त्याच्याच हातात," अप्पा प्लग न्याहाळत म्हणाले. "अक्कल आहे कोणाला तरी. चल, बस मागे."

आम्ही पोचलो तेव्हा हॉलच्या दारापर्यंत आवाज येत होता.

"अहो, तुमच्या पिशवीत दुसरा प्लग आहे ना?" सेक्रेटरीकाका कावले होते. "बसवा आणि करा सुरू! बारा माणसं खोळंबलीत!"

"नाही बसवणार." मास्तर गाडीच्या पुढ्यात हाताची घडी घालून उभे होते. "प्लग तिच्या खिशात आहे. ती येऊन स्वतः देईल, तोवर या गाडीला कोणी हात लावायचा नाही."

"ती काय गाडीखाली झोपलीय? घरी आहे ती!"

"आज घरी असेल. उद्या खरंच गाडीखाली असेल. नियम एकदा मोडला की मोडला."

माझ्या शेजारी अप्पा उभे होते. त्यांनी डोळे मिटले होते, इंजिन ऐकताना मिटतात तसे.

मी पुढे झाले आणि प्लग मास्तरांच्या हातात दिला. "चुकलं माझं."

"पाच गुण कापा," मास्तर काकांना म्हणाले. "प्लग आवाराबाहेर नेला."

पाच! मी डोळे वटारले. त्यांनी खाली बघितलं.

"आणि काका, हिची परीक्षा तुम्ही घ्या. यादी बघून घेता येईल. मी नाही घेणार."

"का बुवा?"

मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढली, परत लावली. "कारण... ती नापास झालेली मला बघवणार नाही."

बाराच्या बारा काका-मामा एकदम खाकरले. मला कान लालबुंद झाल्याचं जाणवलं, आणि खरं सांगते, आतून मी नाचत होते.

माझी पाळी पहिली आली. काकांनी काडीची दयामाया केली नाही. मी मोजे फुंकले, प्लग काढला, खिशात टाकला, वर बटण लावलं. दहा मिनिटं मी पुतळ्यासारखी उभी. मागून अप्पांचा आवाज आला. "मास्तर, त्या बेअरिंगचं काय म्हणत होतात?" आणि दोघं फळ्याजवळ जाऊन जे कुजबुजायला लागले ते थांबेनात.

शंभरात चौऱ्याऐंशी. पाच कापून. पाटी आमची झाली.

सगळ्यांच्या परीक्षा उरकून हॉल रिकामा व्हायला दुपार झाली. अप्पा काकांकडे पुढच्या वर्गात स्वतःचं नाव घालत होते. "शटर?" मी विचारलं. "वंगण घालायला झालंय त्याला," ते म्हणाले. मग माझ्या कानाशी वाकले. "तो मास्तर. मघाशी 'ती' म्हणताना त्याचा आवाज अडखळला. चाळीस वर्षांचे कान आहेत माझे, पोरी. जा, बघून ये काय बिघडलंय."

मास्तर एकटेच गाडीत प्लग परत बसवत होते. मी मोजे चढवले.

"परीक्षा संपली," ते म्हणाले.

"माहितेय. सरका."

मी प्लग उपसला, खिशात टाकला. "लावा गजर. आता दहा मिनिटं तुम्हाला कुठे जाता येणार नाही. काल ते 'जर' म्हणालात, त्याच्या पुढे काय होतं?"

त्यांनी मनगट वर केलं आणि तसंच खाली घेतलं. "जर कोणी थांब म्हटलं असतं."

"इतके दिवस काकांना उत्तर का नाही दिलंत मग?"

"तुमच्यासाठी राहायचं आणि तुमचीच परीक्षा घ्यायची? तुमच्या पाटीवर कोणी बोट ठेवलेलं मला चाललं नसतं." त्यांचा हात परत कानामागच्या पेन्सिलीकडे गेला. त्यांना नीट शब्दच सापडत नव्हते, आणि मला ते फार आवडत होतं. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी आवाज कुठाय म्हणून ओरडलात ना, तेव्हापासून."

"मी ओरडले नव्हते."

"ओरडलात."

"बरं, ओरडले. मग आता ऐका, हळू सांगते." मी जवळ सरकले. "थांबा."

"सोमवारी जायला हवं. शब्द दिलाय. सहा आठवडे."

"आणि मग?"

"मग इथे. कायमचा. काकांना आजच सांगतो."

सहा आठवडे! डोळ्यांत पाणी आलं ते मी चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसलं. त्यांनी माझ्या हातातला रबरी मोजा ओढून काढला, नंतर स्वतःचा काढला, आणि माझा हात हातात घेतला. खिडकीबाहेर पाऊस उघडला होता. आम्ही काही बोललो, बरंचसं बोललो नाही.

"अगं बारा नंबर!" दारातून अप्पांची हाक आली. "अर्धा तास झाला! तुमची दहा मिनिटं संपली की नाही?"

मी मास्तरांच्या मनगटाकडे पाहिलं. साडेनऊ मिनिटंसुद्धा चालवून न घेणारा हा माणूस गजर लावायलाच विसरला होता.