आपल्याच मालाला नावं ठेवणारा

एकोणीसशे शहाऐंशी साल. तेव्हा ॲलर्जी हा शब्द घरात कुणी फारसा उच्चारत नसे. अमुक खाल्लं की घसा आवळतो, असं एखाद्या मुलीनं म्हटलं, की मोठी माणसं म्हणायची, नखरे आहेत मेलीचे!

म्हणूनच ती बेकरीतली मुलगी भर दुपारी, गिऱ्हाईक नसेल अशी वेळ बघून, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात शिरली. केकवर क्रीमची फुलं काढायची, म्हणून सगळे तिला क्रीमवाली म्हणत.

"खाण्याच्या ॲलर्जीवर थेंब मिळतात म्हणे... होमिओपॅथीचे."

काउंटरमागच्या तरुणानं वर पाहिलं. "मिळतात. डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही. कशाची ॲलर्जी?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"अक्रोडाची ना?"

ती दचकली. "कशावरून?"

"ॲप्रनच्या खिशातून केकचे तुकडे डोकावतायत, अक्रोडाचे. आवडीची वस्तू कुणी अशी खिशात कोंबत नाही."

तिनं पटकन खिशावर हात ठेवला. त्यानं तपकिरी बाटली पुढे केली आणि हळूच म्हणाला, "घ्या. पण याच्या भरवशावर अक्रोड खाऊ नका हं. या थेंबांनी काही होत नाही."

"मग विकता कशाला?"

"दुकान काकांचं आहे. विकायचं त्यांनी ठरवलंय. सावध करायचं मी ठरवलंय."

"काय रे, गिऱ्हाईक पळवतोस का?" आतून काकांचा आवाज आला. "ताई, बिनधास्त घ्या! शेकडो लोकांना गुण आलाय."

बाटली घेऊन ती बाहेर पडली खरी, पण डोक्यात किडा वळवळायला लागला. आपल्याच मालाला नावं ठेवणारा दुकानदार? यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे.

थेंब तिला का हवे होते? बेकरीत एक रिवाज होता. भट्टीतून पहिला ट्रे निघाला की मोठे उस्ताद एक केक मोडून प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवायचे. तो नाकारणं म्हणजे त्यांच्या हाताला नाव ठेवणं. अक्रोड असला की ती तोंड फिरवून खायचं नाटक करी आणि तुकडा खिशात टाकी. नोकरी जाईल याची भीती होतीच. त्याहून जास्त, हातातला फुलं काढायचा क्रीमचा कोन जाईल याची.

दुसऱ्या दिवसापासून औषधवाला बेकरीत पाव घ्यायला येऊ लागला. रोज. काउंटर आणि भट्टीच्या मध्ये मोठी काच होती; पाव घेता घेता तो त्या काचेतून आत बघायचा. वर काउंटरवाल्याला विचारायचा, "आज कशाचे केक?"

"पाळत ठेवतोय तुझ्यावर," घरी वहिनी म्हणाली; खिशाचं गुपित तेवढं तिलाच ठाऊक होतं. "उस्तादांचे कान भरेल, बघशील."

"भरू देत!" ती फणकारली. पण फुलं काढताना तिचे डोळे पुन्हा पुन्हा काचेकडे जात... केवळ संशय म्हणून हं!

दुसरी बाटली घ्यायला गेली तेव्हा तिनं ठसक्यात सांगितलं, "तुमचे थेंब चांगले आहेत. इतक्या दिवसांत मला काही झालं नाही."

"थेंब घेऊन अक्रोड खाल्लात?"

"नाही."

"मग गुण कशाला आला? खिशाला?"

तिला हसू आलं. ते तिनं गिळलं आणि तरातरा निघाली. माणूस गोड बोलतो म्हणजे त्याला काहीतरी हवं असणार!

मग एका मोठ्या लग्नाची ऑर्डर आली. अक्रोडाचा केक, कृती उस्तादांनी स्वतः जुळवलेली. पहिला केक मोडल्यावर ते एकेकासमोर उभे राहून चेहरा न्याहाळू लागले. खिशाला वावच नव्हता. सकाळी तिनं दुप्पट थेंब घेतले होते. तुकडा ओठांपर्यंत नेला... आणि काचेपलीकडे तो दिसला.

तोंड पांढरंफटक. तळहात काचेवर दाबलेला. ओरडला असता तर सगळ्यांनी ऐकलं असतं. पण तो ओरडला नाही, शेजारच्या काउंटरवाल्याला काही सांगितलं नाही. फक्त मान हलवली — नको.

चुगली करायची तर याहून चांगली वेळ कुठली होती? मग हा गप्प का? तिनं तुकडा खाली ठेवला.

"उस्ताद, मला अक्रोड सोसत नाही. लहानपणी जीव जाता जाता वाचलाय."

"आणि आजवरचे तुकडे?"

"खिशात. मग... कावळ्यांना."

 उस्तादांनी हातातला उरलेला केक खाली ठेवला. "कावळे काय म्हणतात?"

"रोज येतात, उस्ताद."

त्यांना हसू आवरेना. मग डोळे पुसत म्हणाले, "अक्रोडाला तू हात लावायचा नाहीस. पण लपवलंस, ते मला लागलं पोरी. महिनाभर फुलं बंद. काउंटरवर उभी राहा."

शिक्षा झाली, पण पाव मागायला तो आता तिच्याचसमोर येणार होता! आलाही. बाहेर भुरभुर पाऊस, छत्रीचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"तेव्हा ओरडला का नाहीत?"

"तुमचं गुपित होतं. मी कोण सांगणारा?"

"आणि मी खाल्लं असतं तर?"

"काच फोडली असती." त्यानं छत्री भिंतीला टेकवली. "आमच्या शेजारच्या मास्तरीणबाईंनी थेंब घेऊन शेंगदाणे खाल्ले होते. दवाखान्यात पोचल्या म्हणून वाचल्या. ती बाटली मी विकली होती..."

तिनं पाव काउंटरवर काढून ठेवला. मग भुवई उंचावून म्हणाली, "बरं. पण रोज पाव कशाला? संशयास्पद आहे."

"आहेच. मला पाव आवडतसुद्धा नाही."

तिच्या हातातला कागद पावाभोवती गुंडाळायचा राहूनच गेला.

पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. उस्तादांनी बेकरी सोडताना फुलांचं सगळं काम तिच्यावर सोपवलं; त्यांचा कोन तिनं काम सोडेपर्यंत वापरला. काका अखेरपर्यंत थेंब विकत राहिले. ते गेल्यावर पुतण्यानं ते फळीवरून काढले. वहिनीनं जन्मभर सांगितलं, "मला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं!"

आता तो पंच्याहत्तरीला आलाय, डोळ्यांना फारसं दिसत नाही. वाण्याच्या दुकानात बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं ती त्याला वाचून दाखवते — मैदा, साखर, तूप, मीठ. अक्रोड नाही. तो काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकतो, जरा विचार करतो आणि म्हणतो,

"पुन्हा वाच."