बिननावाची नऊ मिनिटं

संगणकाचं बटण दाबायचं, चहा ठेवायचा, उकळायचा, गाळायचा, पिऊन कपसुद्धा विसळून ठेवायचा, तरी या बाबाचं आपलं चाललेलंच. अकरा मिनिटं. वाशेखारच्या उघाडीवर कामाला लागल्यापासून हेमांगी केणीने ही अकरा मिनिटं निमूट सोसली होती. पण गेल्या अमावास्येच्या उधाणाने गावाचा अर्धा एकर भात खाऱ्या पाण्यात गेला आणि मग या अकरा मिनिटांवर सगळ्यांचीच नजर गेली.

उघाडी म्हणजे दार. खाडीच्या बांधाखालून बोगद्यासारखी एक मोरी गेलेली आणि तिच्या जमिनीकडच्या तोंडाला हे पोलादी दार. ओहोटीला दार वर, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती चढू लागली की दार खाली, म्हणजे खारं पाणी मोरीतच अडतं. इतकं साधं काम. पूर्वी ते हिराजी म्हात्रे चाक फिरवून करायचे. समुद्र जसा वर वर यायला लागला तसं हाताने भागेना, म्हणून तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीने मोटर आणि संगणक बसवला. या संगणकाला कुणी काम शिकवलं नव्हतं. वर्षभर कॅमेरे आणि माईक हिराजींच्या मागे लावून ठेवले आणि तो बघून बघून शिकला. कंपनीच्या कागदांत या पद्धतीला ‘अनुकरण प्रणाली’ म्हटलं होतं. गावाने त्याचं नाव ‘चेला’ ठेवलं.

चेला हुशार होता, पण उठायला आळशी. उधाणाचं पाणी रस्त्याकडच्या डीपीच्या पायाशी आलं की वीजवाले स्वतःच लाईन बंद करत. मग जनरेटर चालू होई, संगणक पहिल्यापासून जागा होई आणि अकरा मिनिटं दार तसंच उघडं राही. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच महाराज झोपलेले. बॅटरी लावून पाहिली होती, पण खाऱ्या हवेत ती चार महिनेही टिकत नव्हती.

“पौर्णिमेच्या आत हे निस्तर,” उघाडी सांभाळणाऱ्या गावच्या समितीचे अध्यक्ष भालचंद्र ठाकूर म्हणाले होते. “भात पोटरीला आलंय. आता खारं पाणी शिरलं तर दाणा धरणार नाय. आणि दाराला लागून पहिलं शेत तुमचंच हाय, हे मी तुला सांगायला नको.”

हेमांगीने संगणक चालू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी उघडली. सोळा ओळी. प्रत्येकीपुढे चालू-बंदची एक खूण आणि किती वेळ खाते त्याचा आकडा. पहिल्याच ओळीला तिला हसू आलं. केबिनमध्ये कधीच नसलेला एक प्रिंटर रोज सकाळी शोधला जात होता. मग हवामानाची चित्रं, भाषांचे कळफलक, कसलीशी अद्ययावत करणारी दोन-तीन मंडळी. ती एकेक खूण काढत गेली. अर्धं मिनिट वाचलं. सोळाव्या ओळीला नावच नव्हतं. बनवणाऱ्याचं नाव नाही, काम काय त्याचा पत्ता नाही. आकडा मात्र ठळक होता, नऊ मिनिटं.

तिने संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि ही बिननावाची बया काय करते ते बघत बसली. काहीच करत नव्हती. दाराच्या चौकटीवरच्या माईकचा हिरवा दिवा लागला, नऊ मिनिटं लागलेला राहिला आणि विझला. काही नोंदलं नाही, कुठे काही पाठवलं नाही. नुसतं ऐकलं आणि झोपी गेली. आता याला काय म्हणायचं? तिने पुण्याला फोन लावला. कंपनीत या दाराचं काम बघणारी मृण्मयी नावाची मुलगी होती.

“ताई, आमच्याकडच्या यादीत पंधराच आहेत,” ती म्हणाली. “सोळावी आमची नाही. माईक चालू करते म्हणता? मग बंदच करा. कोण काय ऐकत असेल, कुणी सांगावं.”

हेमांगीने बंद केली. संगणक दीड मिनिटात उठला. ठाकुरांनी येऊन घड्याळ लावून बघितलं, दोनदा बघितलं आणि दारापुढे नारळ फोडला.

पौर्णिमेला सकाळी साडेनऊच्या सुमाराला वीज गेली. जनरेटर धडधडला, चेला दीड मिनिटात जागा झाला आणि दार सरसर खाली आलं. हेमांगीला इतकं बरं वाटलं की ती केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. आणि तिथून तिला मोरीच्या पायऱ्यांवर चपलांचे तीन जोड दिसले. एकाचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला होता. तो तिनेच बांधला होता, सासूचा.

मोरीच्या दगडांना कालवं, म्हणजे खाण्याचे शिंपले, धरतात. ओहोटीला आत शिरायचं, कोयतीने टक टक करत ती फोडून काढायची, भरतीचं पाणी गुडघ्याला लागलं की बाहेर. गावच्या बायका हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या होत्या. मोटर बसल्यावर सरकारी खात्याने आत जायला बंदी केली, पाटी लावली, दंड ठेवला. तेव्हापासून आत कुणीच जात नाही, असं सगळेच म्हणत. सासूही तसंच म्हणायची आणि कालवं कुठली विचारलं की “पलीकडच्या खडकावरची” सांगायची.

आता दार पडलं होतं आणि पलीकडच्या तोंडाने खाडी आत भरत होती. हेमांगी परत आत आली आणि ‘वर’ लिहिलेल्या बटणावर तिने बोट ठेवलं. खिडकीतून समोर त्यांचं शेत दिसत होतं. दार उचललं की पहिलं पाणी तिथेच. चपला कालच्याही असतील. बाहेर येऊन त्या अनवाणीच घरी गेल्या असतील. आई काही वेड्या नाहीत. तिचं बोट बटणावरच होतं. मग तिने ते दाबलं आणि धावत सुटली.

तिघी बाहेर आल्या तेव्हा छातीपर्यंत भिजलेल्या होत्या. सुंदराबाई, तिची सासू, सगळ्यांत शेवटी आली. एका हाताची बोटं दारावर मारून मारून सोलवटली होती, दुसऱ्या हातात कालवांची टोपली तशीच होती. हेमांगी पायरीवर बसून रडायला लागली.

“रडतेस कशाला गो?” सासू थरथरत म्हणाली. “दार आधी खाली घे. पानी बघ किती चाललंय आत.”

दुपारी मृण्मयीचा फोन आला. तिने सोळाव्या ओळीचा पिच्छा पुरवला होता. ती कुणी बनवलेलीच नव्हती. हिराजींच्या मागे राहून शिकताना चेल्याने त्यांच्या काही सवयींचं एक गाठोडं बांधलं होतं आणि उठल्याबरोबर आधी हे, असं ठरवून आपणच यादीत टाकलं होतं. आत कोयतीचा आवाज आहे का ते ऐकायचं, असेल तर थांबायचं, हे त्यात होतं हे नक्की.

“पण आत कुणी नसतानाही नऊ मिनिटं थांबतंय ना?” हेमांगीने विचारलं. “मग ऐकायचं ठेवा आणि थांबायचं काढून टाका.”

“तेच जमत नाही ताई. ते काही ओळी ओळींनी लिहिलेलं नाही. गाठ सोडवून बघता येत नाही. ठेवायचं तर सगळं, काढायचं तर सगळं.”

मग ती हिराजींकडे गेली. म्हातारा ओटीवर जाळं विणत बसला होता. “काका, दार पाडायच्या आधी तुम्ही थांबायचात. नऊ मिनिटं. कशासाठी?”

“मी कुटं थांबायचो?” हिराजी म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “बायका निघायच्या ना आतून, म्हनून.” आणखी थोड्या वेळाने म्हणाले, “बिडी वडायचो म्हना. चाकाला हात घालायच्या आदी दोन झुरके तर पायजेत.” मग जाळं बाजूला ठेवून त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनेच त्यांना काही सांगावं. “खरं सांगू, मना ठावं नाय. कुनी इचारलंच नाय कधी.”

हेमांगीच्या डोक्याचा पार भुगा झाला. या नऊ मिनिटांत शहाणपण किती आणि बिडी किती, हे ज्याची होती त्यालाच माहीत नव्हतं.

समितीची बैठक झाली. ठाकुरांना ती बिननावाची ओळ बंदच हवी होती. दार पडायच्या आधी वाजणारा भोंगा लावा, असं हेमांगीने म्हटलं तर खात्याचे साहेब म्हणाले, बंदी असलेल्या जागी भोंगा लावणं म्हणजे तिथे माणसं असतात हे कबूल करणं. पेचात पडायला एवढं पुरेसं होतं, पण खरा धक्का घरी बसला. सुंदराबाईंनी सोलवटलेल्या बोटांनी भाकरी थापता थापता सांगितलं, “बंदच ठेव. आमचं आमी बगू. आमच्या दोन टोपल्या कालवांपायी गावाचं भात बुडवू नको.”

“म्हणजे तुम्ही परत जाणार?”

“मी कुटं म्हटलं जानार?”

अमावास्येच्या सकाळी हेमांगीने कुणालाही न विचारता सोळाव्या ओळीची खूण परत चालू केली. घरातून निघताना सासू चुलीपाशीच होती, आज अंग दुखतंय म्हणाली होती. सव्वानऊला वीज गेली. हिरवा दिवा लागला. दार उघडं आणि खाडी मोरीतून फेसाळत आत यायला लागली. बघता बघता पाण्याची जीभ केण्यांच्या शेतात शिरली. बांधावर माणसं जमली, ठाकूर ओरडत होते. ती केबिनच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचत नव्हतं.

सहाव्या मिनिटाला मोरीतून दोघी बाहेर आल्या. दुसरी सुंदराबाई होती. टोपली कमरेवर, तिने शेताकडे बघितलं, मग सुनेकडे. “बुडवलंस ना,” एवढंच म्हणाली. तिला बघून जिवात जीव आलेल्या हेमांगीला यावर हसावं की रडावं कळेना. आणि दिवा अजून लागलेलाच होता. मोरी रिकामी, सगळ्या बाहेर, तरी चेला थांबला होता. हिराजींची बिडी संपायची होती बहुतेक.

दार पडलं तेव्हा तिने घड्याळ बघितलं. जागं होण्याचं दीड मिनिट वजा केलं तर नऊ मिनिटं व्हायला हवी होती. झाली होती नऊ मिनिटं चाळीस सेकंद.

तिने यादी उघडली. सतरा ओळी होत्या; सकाळी घाईत तिने सोळावीच्या खाली बघितलंच नव्हतं. सतरावीला नाव नव्हतं. तारीख पौर्णिमेची होती, खूण आपोआपच चालू झालेली, आणि पुढे आकडा, चाळीस सेकंद.

“शिकणं कुणी बंद केलंच नव्हतं,” मृण्मयी फोनवर चाचरत म्हणाली. “केबिनमध्येही कॅमेरा आहे ना तुमच्या डोक्यावर. म्हणजे आता तो तुमच्याकडून शिकतोय. चांगलंच आहे की, तुम्ही तिघींना वाचवलंत. त्या दिवशी तुम्ही काय काय केलंत ते क्रमाने सांगाल? म्हणजे या ओळीत काय आहे त्याचा अंदाज येईल.”

“चपला दिसल्या,” हेमांगी म्हणाली. “मी आत आले. बटण दाबलं. धावले.”

“लगेच दाबलंत?”

खिडकीतून शेत दिसत होतं, मिठाच्या पाण्यात उभं असलेलं. त्या दिवशी ते हिरवंगार होतं आणि तिचं बोट बटणावर होतं. तारेने बांधलेला अंगठा तिने ओळखलेला होता. त्यानंतर ती किती वेळ तशी उभी होती, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

“ताई? आहात ना? ठेवायची का ही ओळ? अर्धी ठेवता येणार नाही, माहीत आहे ना तुम्हाला?”

हेमांगीने सतराव्या ओळीच्या खुणेवर बोट नेलं आणि ते तिथेच राहिलं. डोक्यावरचा कॅमेरा बघत होता. पुढच्या उधाणाला आत कुणी असेल तेव्हा हा तिच्यासारखा दार उचलायला धावणार होता, की तिच्यासारखाच आधी शेताकडे बघत उभा राहणार होता?