मी दोर घेतला नाही

पहिल्याच भेटीत त्यानं माझ्या कपाळावर दोर मारला.

पिरेयस बंदराहून येणारी बोट आमच्या बेटाला आठवड्यातून तीनदा लागते, तीही जेमतेम चार मिनिटं. खलाशी टोकाला जड गाठ असलेली पातळ दोरी फेकतो. धक्क्यावरच्या माणसानं ती झेलायची, तिच्यामागचा जाड दोर ओढून घ्यायचा आणि धक्क्यावरच्या खुंट्याला अडकवायचा. वीस वर्षं हे काम बाबांचं होतं. त्यांचे गुडघे गेले आणि जूनपासून तिथे मी उभी राहू लागले.

"झेलता येत नाही का?" तो वरून ओरडला.

"फेकता येत नाही का?" मी खालून.

"तुमच्या बेटावरचे पुरुष कुठे गेले?"

"तुझ्या दोरीचा मार खाऊन झोपलेत!"

प्रवासी खदखदून हसले. त्याचे कान लालबुंद झाले. कपाळ चोळत मी मनातल्या मनात त्याचा उद्धार करत होते... आणि त्याचे कानही बघत होते.

नाव स्त्रातिस, लेस्वोस बेटावरचा, हे मला तिकीटवाल्यानं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. म्हणजे—एकदाच विचारलं.

मग दोरी बरोबर माझ्या पायाशी पडू लागली. तरी मी काहीतरी खोट काढायचेच. माझं नाव त्यालाही कुठूनतरी कळलं होतं.

"आज रागावली नाहीस, मारूसो?"

"थांब की. अजून दोन मिनिटं आहेत."

जुलैत त्याला माझे सोललेले तळवे दिसले. पुढच्या खेपेला गाठीच्या वर कातडी हातमोजे बांधलेले होते. अगदी माझ्या मापाचे. या माणसानं माझ्या हातांचं माप कधी घेतलं?

"मला नकोत!"

"मग दे परत फेकून."

मी ते परत फेकले नाहीत.

ऑगस्टात मेल्तेमी, उन्हाळ्यातला उत्तरेचा सोसाट्याचा वारा, सुरू झाला. आठ महिने वाट पाहून बाबांना गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पिरेयसच्या दवाखान्यातली तारीख मिळाली होती. निघायच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून धक्क्यावर बॅगेवर बसले होते. लाटा धक्क्यावर चढत होत्या. बोट खाडीत शिरली, मागचा रॅम्प टेकवायला पाठमोरी झाली, जवळ आली... स्त्रातिस मागच्या बाजूला दोरी हातात घेऊन उभा होता. मी हात वर केले.

त्यानं दोरी फेकलीच नाही.

बोट वळली आणि निघून गेली. बाबा बॅग उचलायला वाकले आणि त्यांना सरळ होता येईना. मी त्यांना काखेत धरून घरी नेलं. रागानं मी दातओठ खात होते.

दोन दिवसांनी वारा पडला, बोट आली. दोरी माझ्या पायाशी पडली. मी हाताची घडी घालून उभी राहिले. त्यानं ती ओढून घेतली, पुन्हा फेकली. मी तिच्यावर पाय दिला.

"मारूसो, घे पोरी!" भोंग्यातून कप्तान गरजला. "उशीर होतोय!"

"परवा का नाही फेकलीस?" मी स्त्रातिसला ओरडून विचारलं.

"वारा पाहिलास ना? दोर तुटून उलटा आला असता. तुझे पाय गेले असते!"

"कप्तानाच्या मागे लपू नकोस!"

"कप्तान बोट लावणार होता!" त्याचा आवाज फाटला. "मी नको म्हटलं. मी!"

रॅम्पजवळचे प्रवासी पुढे सरकून ऐकू लागले.

"तू? माझ्या बापाची तारीख... तुझ्या भित्रेपणापायी?"

"हो."

"आणि माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर?"

तो रेलिंगला घट्ट धरून उभा होता.

"...तर फेकली असती."

मला त्याचा गळा धरावासा वाटला. आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही. दोन्ही एकाच वेळी, देवाशपथ!

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "काल दवाखान्यात गेलो होतो. बावीस ऑक्टोबर. याच्या आधीची देईनात. तीन तास भांडलो."

"तुला कुठलं भांडता येतं?"

"दोन महिने शिकवणी चाललीय."

"आणि परक्या माणसाला तारीख दिली त्यांनी?"

त्याचे कान पुन्हा पेटले. "जावई म्हणून सांगितलं."

"काय म्हणून?"

"जावई!" रॅम्पजवळची एक बाई ओरडली. "जावई म्हणाला गं! आता घे तो दोर, माझं दूध नासतंय!"

लोक टाळ्या पिटायला लागले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याचाच मला जास्त संताप आला होता.

"रजा काढ," मी दरडावलं, "आणि उतर इथे. मला तुझ्याशी नीट भांडायचंय. अख्खा दिवस!"

मग मी दोर घेतला.

पुढच्याच आठवड्यात तो पिशवी घेऊन उतरला. बाबांसमोर मान खाली घालून उभा राहिला. बाबांनी त्याला आधी भरपूर सुनावलं, मग जेवायला बसवलं. संध्याकाळी आम्ही धक्क्यावर आलो तेव्हा बोट आमच्याकडे पाठ करून लांब चालली होती, आणि पहिल्यांदाच तो तिच्यावर नव्हता.

"अजून रागावलीस?" त्यानं हळूच विचारलं.

"हो," मी म्हटलं आणि त्याचा हात हातात घेतला.