फायर टोबी

स्टोक शहरातल्या कुंभारशाळेत म्हातारा मालक एनॉक हॅलम भट्टीसमोर पालथा पडला होता. डोक्यामागे खोल घाव, शेजारी लोखंडी सळई. अंगात ओव्हरकोट तसाच. खांद्यावरच्या पिशवीत बहिणीनं बांधून दिलेले ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी.

इन्स्पेक्टर ब्रेंडा मॅचिननं कॉलर सैल केली. "काय उकडतंय इथं!"

"भट्टीचं बटण तर बंद आहे, मॅडम," सार्जंट शॉ म्हणाला. तो लंडनहून नुकताच बदलून आला होता. "दाराचं कुलूपही फोडलेलं नाही."

पोलिसांचा फोन गेल्यावर एनॉकचा पुतण्या क्लाइव्ह घरून धावत आला होता. त्यानं मोबाइल पुढे केला.

"काकांचा सकाळचा निरोप. ऐकाच."

खरखरीत आवाज आला. "क्लाइव्ह, फायर टोबी! आजच. मी दुपारच्या बसनं येतोय."

शॉ दचकला. "फायर? म्हणजे गोळी घाल?"

"अहो, कामावरून काढ!" क्लाइव्ह वैतागला. "टोबी रोली, इथला कारागीर. महातापट. मी टाळलं. काकांनी आल्या आल्या तोंडावर सांगितलं असणार, आणि त्याचं डोकं फिरलं."

"तू आज इथं आला होतास?" ब्रेंडानं विचारलं.

"सुट्टीच्या दिवशी? पाऊलही टाकलं नाही."

टोबीला घरून आणलं. काकुळतीला आलेला दांडगा माणूस.

"आज कुठं होतास?" ब्रेंडानं विचारलं.

"घरी. एकटाच."

"मालकानं काढलं म्हणून चिडलास?"

"मला काढलं? अहो, म्हातारा ही जागा माझ्या नावावर करणार होता! विचारा याला."

"थापा मारतोय!" क्लाइव्ह ओरडला.

ब्रेंडा टोबीकडेच बघत होती. "इथली किल्ली आहे तुझ्याकडे?"

"नाही. दोनच आहेत. एक म्हाताऱ्याकडे, एक क्लाइव्हकडे."

ब्रेंडा फळीपाशी गेली. कच्च्या मातीचे सुरईवजा मग ओळीनं मांडलेले. प्रत्येकाला माणसाचा आकार, डोक्यावर तीनकोनी टोपी. मधली एक जागा रिकामी.

"याला काय म्हणता?"

"टोबी," टोबी म्हणाला. "सगळं गाव म्हणतं. म्हातारा त्यावरून मला चिडवायचा."

"आणि भट्टीत भाजणं म्हणजे?"

"फायर..." टोबीचा आवाज विरला.

क्लाइव्ह दाराकडे सरकला. शॉ आडवा आला.

"एनॉकला माणूस काढायचा नव्हता, हा मातीचा टोबी भाजायचा होता," ब्रेंडा म्हणाली. "भट्टी बंद आहे, पण अजून धग देतेय. ती कुणी पेटवली? एनॉकनं नाही, तो कोट काढायच्या आतच मेला. टोबीला ना निरोप माहीत, ना त्याच्याकडे किल्ली. दोन्ही होतं फक्त तुझ्याजवळ, क्लाइव्ह. सांगितलेलं काम तू मुकाट्यानं केलंस. मग काका आले आणि वाद झाला. मारल्यावर बटण बंद केलंस, पण इतकी तापलेली भट्टी लगेच गार होते होय? शेवटी सुचलं, की याच दोन शब्दांत टोबी अडकेल."

शॉनं भट्टीच्या झडपेतून आत डोकावलं. आत एकच मग होता. त्यानं होकारार्थी मान हलवली.

"माझ्या आजोबांची जागा!" क्लाइव्ह किंचाळला. "परक्याच्या घशात घालत होता!"

बेड्या पडल्या. गाडी निघून गेली.

टोबी भिंतीला टेकून खाली बसला. "मॅडम, म्हाताऱ्यानं मला खरंच काढलं असतं ना, तर बरं झालं असतं. जिवंत तरी राहिला असता."

ब्रेंडाही त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.