भिंगरीची सुई

"डॉक्टर म्हणतात, मी पोरीचं औषध ओतून देते."

बाई खुर्चीत बसली नव्हती, नुसती टेकली होती. तिच्यासमोर वहिनी होत्या. खासगी तपासाच्या धंद्यात त्यांना सगळे वहिनीच म्हणत, कारण टिपणं घेणारा त्यांचा दीर तशी हाक मारायचा. हे भाऊजी निष्कर्षावर सगळ्यांच्या आधी पोचत, आणि बहुतेक वेळा चुकीच्या.

"पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

मुलीला घरात भिंगरी म्हणत. गार वारा लागला की तिच्या अंगावर लाल चट्टे उठत, ताप चढे, डोळे लाल होत, गुडघे धरत. कुणी ॲलर्जी म्हटलं, कुणी जंतू. शेवटी जनुकांच्या तपासणीत दुर्मिळ दुखणं सापडलं. शत्रू कुणी नसताना शरीर स्वतःच पेटतं आणि आतल्या आत जळत राहतं. त्यावर रोज एक इंजेक्शन, सुईच्या नळीत आधीच भरून आलेलं. ते लागू पडलं, पोर अंगणभर फिरू लागली.

"मग नवरा बोटीवर गेला. सोबतीला सासरे आणि नणंद आले. थंडी पडली आणि ताप परतला. हॉस्पिटलात ठेवलं तर उतरला. घरी आणलं की पुन्हा चढला."

"हॉस्पिटलातलं औषध वेगळं होतं?"

"नाही हो. आमच्याच फ्रिजमधलं खोकं नेलं होतं मी. दिलं मात्र नर्सनं." बाईचा आवाज खाली गेला. "उद्या निर्णय आहे. डॉक्टर बालकल्याण समितीकडे तक्रार करणार, तिला माझ्याकडून काढून घेणार. आणि या दुखण्यानं डाव्या कानानं तिला ऐकू येईनासं झालंय."

भाऊजींचं पेन थांबलं.

बाईच्या घरात शिरताच वहिनींच्या हाताला लोकर लागली. दाराच्या लोखंडी मुठीला विणलेली टोपी होती. भिंगरीच्या चपला हीटरशेजारी, फ्रॉक उशीखाली, चमचा गरम पाण्यात.

"पोरीला गार काही लागू द्यायचं नाही, असा नियम केलाय मी," आजोबा म्हणाले. त्यांच्या शेजारी थर्मास होता. "पाखरासारखी आहे ती. ऊब पाहिजे."

"इंजेक्शन कोण देतं?"

"सूनच. कामावरून आली की. मी आपला फ्रिजमधून आधी काढून ठेवतो. नर्सनंच सांगितलंय, थोडा वेळ बाहेर ठेवा."

आत्या स्वयंपाकघरात होती. "मला विचारू नका. रोज एवढ्याशा मांडीत सुई खुपसायची, हे काय औषध झालं?"

"तुम्ही कधी हात लावलात?"

"लावला असता तर फेकूनच दिलं असतं. भावाला तसं तोंडावर सांगितलंय."

भाऊजी वहिनींच्या कानाशी आले. "हीच. आतलं काढून पाणी भरलंय."

"प्रत्येक सुईला सील असतं, भाऊजी. पाणी भरायला ती जादूगार हवी."

भिंगरी खिडकीपासून लांब, गोधडीत होती. वहिनी तिच्या उजव्या बाजूला बसल्या.

"सुई दुखते का गं?"

"घरची नाही दुखत. हॉस्पिटलातली गारढोण होती. खूप झोंबायची."

वहिनींनी वापरलेल्या सुयांचा डबा उजेडात धरला. नळ्यांवर चिकटवलेले नावाचे कागद सुरकुतले होते, काही कडेने सुटले होते.

"फ्रिजमध्ये पाणी गळतंय," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी फ्रिज उघडला. खोकं कोरडं ठणठणीत. आतल्या नव्या नळ्यांचे कागद गुळगुळीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. भिंगरी बाहेर नर्सपाशी होती.

"रक्तातली सूज खोटं बोलत नाही," डॉक्टर म्हणाले. "औषध अंगात गेलं असतं तर ती उतरली असती."

"औषध गेलं," वहिनी म्हणाल्या. "पण मेलेलं गेलं. एकाच खोक्यातली सुई हॉस्पिटलात चालते, घरी चालत नाही. म्हणजे खोकं चांगलं, फ्रिजही चांगला. आईनं ओतून दिलं असतं तर मुलीला सुई टोचलीच नसती. पण ती सांगते, घरची सुई दुखत नाही. म्हणजे ती रोज टोचली जाते, फक्त गार नसते. थोडा वेळ बाहेर ठेवली तर तिचा गारठा मोडेल, पण कागद कशानं भिजेल? फ्रिजमध्ये कागद कोरडे, डब्यात सुरकुतलेले. फ्रिज आणि मांडी यांच्यामध्ये सुई पाण्यात पडते. डॉक्टर, हे औषध कढत पाण्यात ठेवलं तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "प्रथिनाचं औषध आहे. ते बिघडतं. परत थंड केलं तरी सुधारत नाही."



"आजोबा," वहिनी हळू म्हणाल्या, "सुई काढल्यावर कशात ठेवत होतात?"

म्हाताऱ्याचे ओठ हलले. "पेल्यात. थर्मासचं पाणी ओतून. तान्ह्या मुलाची दुधाची बाटली ठेवतात तशी. ही कामावरून यायच्या आत पुसून बशीत ठेवायचो." ते थांबले. "गार सुई कशी टोचायची तिला? गारव्यानंच तर पेटते ती."

भाऊजींनी वही मिटली.

"मला का नाही सांगितलंत, बाबा?" बाई म्हणाली.

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? पोरीचे कपडे ऊन करतो, ते तरी कुठे सांगतो?"

डॉक्टरांनी तक्रारीचा कागद मागे घेतला. माफी मागितली नाही.

"तिचा कान?" आजोबांनी विचारलं.

"गेलेलं परत येणार नाही. आजपासून औषध नीट गेलं तर दुसरा कान राखता येईल."

म्हातारा उठला. भिंतीला हात लावत दाराकडे निघाला. "मी बहिणीकडे जातो. मला त्या घरात ठेवू नकोस, बाळ."

ज्या बाईवरून रात्रंदिवस संशयाची नजर फिरली होती, ती त्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिली. तिचा चेहरा क्षमा करणाऱ्याचा नव्हता.

"कुठे जायचं नाही," ती म्हणाली. "आता सुई झोंबणार, ती रोज रडेल. मी टोचायची की तिला धरायचं? तुम्ही धरायचं, बाबा. ती कितीही किंचाळली तरी."