न मोजलेला सहावा

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. १२ ऑगस्ट २००६, शनिवार. घोड धरणाच्या पाण्यात, काठापासून साधारण दोनशे मीटरवर, मोनिका रासकरची कयाक, एका माणसाची अरुंद होडी, उलटली.

हे सरावात ठरलेलं नव्हतं.

ती वर आली तेव्हा हातात वल्हं होतं, पण कयाक सुटली होती आणि वाऱ्याबरोबर निमोणे गावाच्या बाजूला निघाली होती. तेवढ्यात दुसरी एक पिवळी कयाक तिच्यापाशी येऊन थांबली. आत डोक्याला टॉवेल बांधलेला, रुंद खांद्यांचा एक तरुण.

"माझ्या कयाकचं टोक धरा. पुढचं... हां. बुडताय का?"

"नाही."

"मग घाई न्हाई."

"घाई नाही? पाणी गार आहे!"

"मघाशी हजेरीला ऐकलं, तुम्ही पाटसच्या. साखर कारखान्याच्या अंगाला का?"

"मागे. फुलांचा मळा आहे आमचा. अहो, आधी माझी कयाक आणा ना!"

"तिकडंच चाललोय. मॅडम म्हणल्यात, पाण्यात पडलेल्या माणसाशी बोलत ऱ्हायचं. म्हंजी घाबरत न्हाई."

"मी घाबरलेली नाही."

"व्हय, दिसतंय की. वल्हं सोडलं न्हाई तुम्ही. निम्मी माणसं पहिलं वल्हं सोडत्यात."

बोलता बोलता त्यानं तिची कयाक गाठली. तिचं टोक स्वतःच्या कयाकवर आडवं ओढून घेतलं, आतलं पाणी ओतलं, कयाक सरळ केली आणि शेजारी घट्ट धरली. मोनिका पोटावर सरपटत आत शिरली. धरणाऱ्याचे हात जराही हलले नाहीत.

"तीन मिनिटं पाच सेकंद," काठावरून ललितामॅडम ओरडल्या. "माऊली, गप्पा कमी केल्या असत्या तर अडीच!"

ललितामॅडम मालवणच्या. समुद्रात कयाकचे गट घेऊन जायचं काम त्या दहा वर्षं करत होत्या. पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून त्यांनी शिबिर इथं आणलं होतं. शिरूरच्या या भागात ऑगस्टला पाऊस बेताचा, वारा मात्र भरपूर. आणि धरण भरलेलं. तीन दिवस, सहा जण. शेवटी परीक्षा. जो गट सर्वांत चांगला सांभाळेल, तो ऑक्टोबरमध्ये समुद्रातल्या पहिल्या तुकडीचा सहायक लीडर. जागा एकच.

मोनिकाला ती जागा हवी होती. बीएस्सी होऊन वर्ष झालं होतं, घरचे बीएड म्हणत होते, तिला पाण्यातलंच काम करायचं होतं.

माऊली कोळपेलाही तीच हवी होती. तो निमोण्याचा. लहानपणी मेंढरं घेऊन घोड नदी ओलांडताना पोहायला शिकलेला. मेंढरं विकून घर शेतीवर स्थिरावलं त्यालाही बारा वर्षं झाली होती. समुद्र त्यानं पाहिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोनिकानं त्याचं काम नीट पाहिलं. तो दमलेल्याला दोर लावून ओढायचा तेव्हा दोर एकदाही झटका खात नसे. कुणाचं तोंड उतरलं की ते त्याला सगळ्यांआधी कळायचं. ओरडणं नाही, घाई नाही. फक्त एक गोष्ट तिला कळेना.

"तुम्ही सारखे मागे का राहता?"

"मागनं समदी दिसत्यात. पुढं ऱ्हायलं तर लंगडं मेंढरू कवा मागं पडलं, कळत न्हाई."

"म्हणजे मी मेंढरू?"

"न्हाई वो..." तो गडबडला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही सारख्या मागं वळून बघता. मेंढरू असं बघत न्हाई."

मोनिकानं वल्हं पाण्यात आपटलं. त्याच्या तोंडावर पाणी उडालं. त्यानं ते पुसलं नाही.

सोमवारी परीक्षा. पलीकडच्या काठापर्यंत जाऊन परत यायचं, प्रत्येकानं एकेक फेरी लीडर व्हायचं. मोनिकाची पहिली. गट फुटला नाही, वेळ चुकली नाही. ललितामॅडमनी वहीत बघितलं.

"अकरा वेळा मागे पाहिलंस. लीडरनं पाहावं. पण सगळ्यांकडे. तू एकाकडेच पाहत होतीस."

बाकीचे चौघे पाण्याकडं बघू लागले. माऊली टॉवेल सोडून पुन्हा बांधत होता.

अकरा वीसला माऊलीची फेरी सुरू झाली. ललितामॅडम पलीकडच्या काठावर जाऊन थांबल्या. माऊली सवयीनं मागे. वारा वाढला होता, लाटा गुडघ्याएवढ्या. दर पाच मिनिटांनी त्याची हाक यायची, "एक, दोन, तीन, चार, पाच! चला!" आणि गट पुढे सरकायचा.

मग हाक आली नाही.

कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो ज्यांना मोजत होता ते पाचही जण पुढेच होते. मोनिकानं मात्र मागे पाहिलं. पिवळी कयाक उलटी. माणूस दिसत नव्हता.

तिनं तीनदा शिट्टी मारली.

"सगळ्यांनी कयाका जवळ आणा! एकमेकांच्या धरा! सुरज, तू मोजत राहा, कुणी सुटायचं नाही!"

"पण तू कुठं..." सुरजचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत ती वळली होती.

माऊली कयाकच्या पलीकडच्या बाजूला होता. डावा हात कयाकवर, उजवा मासेमारीच्या जाळ्यात मनगटापर्यंत गुरफटलेला. लाट आली की डोकं पाण्याखाली जात होतं. मोनिकानं लाइफ जॅकेटला अडकवलेला चाकू काढला.

"बोला काहीतरी," ती म्हणाली. ती मनगटालगतचे दोरे कापू लागली. "पाण्यात पडलेल्याशी बोलायचं असतं."

"काय... बोलू?"

"काहीही!"

"जाळं कुणाचं तरी हाय. जास्ती कापू नका."

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. जाळं तुटलं. तिनं कयाक आडवी ओढली, पाणी ओतलं, सरळ केली, धरली. तो आत चढला. लगेच दोघं निघाले नाहीत. दोन कयाका एकमेकींना चिकटून लाटांवर वर-खाली होत राहिल्या.

"मोनिका," तो पहिल्यांदाच नावानं म्हणाला, "तू मागं बघितलं म्हणून हाय मी."

"मी बघणारच होते," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून... तेवढंच करतेय."

सगळे शिबिराच्या काठावर परतल्यावर ललितामॅडमनी माऊलीला विचारलं, "तुझ्या गटात किती जण होते?"

"पाच."

"परत मोज."

त्यानं मोजले. "पाचच, मॅडम."

बाभळीखाली त्याचे वडील, आण्णा, बसले होते. तिन्ही दिवस ते येत होते. ते म्हणाले, "राखणारा कळपात धरत न्हाईत, बाई. आमच्यात कुणीच धरला न्हाई कधी."

"समुद्रात धरावा लागतो, आण्णा. तो गेला तर कुणाला तरी कळायला हवं."

आण्णा लेकाच्या मनगटावरचे वळ बघत राहिले.

जागा मोनिकाला मिळाली. टाळ्या वाजल्या, सगळ्यांत आधी माऊलीच्या. तिला मात्र धड हसता येईना.

"तुमची जागा गेली," ती म्हणाली.

"माझी कवा व्हती? त्या चौघांना तू तिथंच गोळा केलंस, मगच माझ्याकडं वळलीस. मी असतो तर तुझ्याकडंच धावलो असतो, त्यांना इसरून. लीडर तूच." तो थांबला. "पर समुद्र बघायचा हाय मला. तुझ्या तुकडीत... साधा माणूस म्हणून चालंल का?"

"चालेल. पण मागे राहायचं नाही. शेजारी."

त्यानं बाभळीकडं पाहिलं. "आण्णा, ऑक्टोबरात आठ दिवस मालवणला जाऊ का?"

"ऑक्टोबरात कांद्याची लागण हाय."

"व्हय."

"आन् तू पाण्यात पडतो."

"ही काढती, आण्णा."

आण्णांनी मोनिकाकडं बराच वेळ बघितलं. धोतर झटकून उठले. "बघू. रोपं कशी येत्यात त्याच्यावर हाय." आणि ते बांधानं चालू लागले.

३० सप्टेंबर, सायंकाळी पाच. कांद्याची रोपं निमोण्यात वीतभर वर आली आहेत. आण्णांचा होकार नाही, नकारही नाही. तुकडी पाच ऑक्टोबरला निघते. मोनिकानं तयार केलेल्या यादीत बारा जण आहेत. अकरा नावं शाईनं लिहिलेली. बारावं, तिच्या नावाशेजारचं, माऊली कोळपे, निमोणे, पेन्सिलनं आहे.